सोंगाड्याची जबानी

कांजूरमार्गच्या पूर्वेला, रेल्वेमार्ग आणि खाडी यांच्या मधल्या वस्तीत मी राहतो. संध्याकाळी वारा खाडीकडून सुटला की कचराभूमीचा वास घरात शिरतो आणि खिडक्या लावून घ्याव्या लागतात. खिडक्या लावल्यावर करायचे काय, या प्रश्नावर माझ्या भाच्याने दोन-तीन वर्षांपूर्वी एक उपाय काढला. माझ्या फोनवर त्याने काही पॉडकास्ट घालून दिले आणि कानात घालायची यंत्रेही आणून दिली. “मामा, तुम्हांला माणसं बोलताना ऐकायला आवडतं ना, मग हे ऐका,” असे म्हणून तो निघून गेला. तेव्हापासून मी ऐकतो आहे. त्यातही विनोदी कलावंतांच्या मुलाखती अधिक ऐकतो. या ऐकण्यातून मनात जे उभे राहिले, ते येथे मांडावयाचे आहे.

पॉडकास्ट म्हणजे काय, हे आता बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. दोन माणसे, दोन ध्वनिक्षेपक आणि हवा तितका वेळ. आकाशवाणीवरच्या मुलाखतीला घड्याळ होते, दूरदर्शनवरच्या मुलाखतीला घड्याळाबरोबर सरकारही होते. येथे निदान वरकरणी दोन्ही नाही. या प्रकाराचा एक नमुना म्हणून अमेरिकेतील मार्क मॅरन या विनोदी कलावंताच्या कार्यक्रमाकडे पाहता येईल. २००९ साली त्याने इतर विनोदी कलावंतांशी बोलायला सुरुवात केली आणि पुढे हे बोलणे लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये होऊ लागले. त्या वेळी त्याच्या हाताशी धड नोकरी नव्हती आणि लग्नही मोडलेले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याने हा कार्यक्रम स्वतःहून थांबवला, तोवर सोळाशेहून अधिक भाग झाले होते. त्याच गॅरेजमध्ये जून २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा येऊन बसून गेले. माझे इंग्रजी कारखान्यातले आहे. झरझर बोललेले कळले नाही की मी भाच्याला विचारतो. पण बऱ्याच ठिकाणी विचारावे लागत नाही. माणूस लाजेविषयी बोलू लागला की त्याचा आवाज कोणत्याही भाषेत सारखाच खाली येतो.

या मुलाखतींचे एक ठरलेले वळण आहे. आधी थोडी थट्टा होते. मग हळूहळू विनोद मागे पडतो आणि बाप येतो, दारू येते, रिकामे सभागृह येते, कोणीही न हसलेली रात्र येते. लोकांना हसवणारा माणूस येथे तासभर हसवण्याचे काम बाजूला ठेवतो. सुरुवातीच्या काळात मॅरन तर ज्यांच्याशी आपले बिनसले होते अशा सोबत्यांनाच बोलावून समेट करीत असे. जानेवारी २०१२ मध्ये टॉड ग्लास या कलावंताने आपण समलिंगी आहोत हे प्रथमच उघडपणे सांगितले, तेही याच कार्यक्रमात. सत्तेचाळीस वर्षे अंगावर बाळगलेले गुपित त्याने एका गॅरेजमध्ये उतरवून ठेवले.

हे ऐकताना मला आपल्याकडील गोष्ट आठवल्याशिवाय राहिली नाही. मुंबईत आडनाव बदलून राहणारी, सोसायटीत बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत लावणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. काहींनी स्वतःही ते केले आहे. यशिका दत्त यांनी २०१९ साली आपल्या इंग्रजी पुस्तकाला नाव देताना लपलेपण सोडून बाहेर येण्याची हीच भाषा दलित असण्यासाठी वापरली. ती उसनी होती असे मी म्हणणार नाही. दडपण एका जातीचे असले की त्यातून सुटण्याचे शब्दही एकमेकांच्या उपयोगी पडतात.

परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. कबुली आणि जबानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कबुली देणारा म्हणतो, माझ्यात काहीतरी मोडलेले होते. जबानी देणारा म्हणतो, मला मोडणारे कोणीतरी होते आणि त्याचे नाव-गाव असे असे आहे. पॉडकास्टमधील बहुतेक बोलणे कबुलीचे आहे. त्याचा शेवट उपचाराने होतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो, दारू सोडली, बापाला माफ केले, आता बरा आहे. यात खोटे काही नाही, आणि ज्याचे दुःख त्यालाच ठाऊक. पण ऐकणाऱ्यावर त्याची कसलीच जबाबदारी पडत नाही. मध्येच गादीची किंवा टूथब्रशची जाहिरात येते आणि नंतर दुःख पुन्हा सुरू होते. जबानीच्या मध्ये जाहिरात घालता येत नाही, कारण तीत ऐकणाराही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असू शकतो.

मराठीत ही जबानी प्रथम कोणी घेतली? १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, तेव्हा त्याच्या धाडसाविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याच्या रचनेविषयी मात्र त्या मानाने कमी बोलले गेले. ‘बलुतं’मध्ये दोन माणसे आहेत. एक शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया पवार आणि दुसरा दगडू मारुती पवार. दगडू बोलतो आणि दया ऐकतो. एकाच देहातल्या दोघांची ती मुलाखत आहे. ध्वनिक्षेपक नव्हता, एवढाच काय तो फरक. कोणी बाहेरचा येऊन आपल्याला विचारणार नाही, हे त्या लेखकाला पक्के माहीत होते. म्हणून त्याने विचारणारा आणि सांगणारा दोघेही आपल्यातूनच काढले. पुढे ‘उपरा’, ‘उचल्या’, ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ अशी आत्मकथने आली आणि त्यांनी जबानीचा हा वारसा वाढवला. मोकळेपणाने बोलण्याची रीत अमेरिकेतून आली असे जेव्हा आजचा तरुण मानतो, तेव्हा त्याला हे सांगितले पाहिजे.

मग अमेरिकेकडून आपण काय घ्यावे? घेण्यासारखे आहे, पण ते तेथील काळ्या विनोदी कलावंतांकडे आहे. दलित साहित्याने पहिल्यापासून काळ्या साहित्याशी नाते सांगितले. १९७२ साली दलित पँथरने नावही तिकडून घेतले. पण आपण कवी आणि कादंबरीकार वाचले आणि विनोदी कलावंतांकडे वळलो नाही. हसवणे हे हलके काम आहे, हा अभिजनांचा समज आपणही नकळत मान्य केला होता.

डिक ग्रेगरी १९६१ साली शिकागोतील एका गोऱ्यांच्या क्लबात उभा राहिला आणि गोऱ्यांना गोऱ्यांवरच हसवू लागला. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत त्याने तुरुंगवास आणि उपोषणे पत्करली. १९६४ च्या आपल्या आत्मचरित्राला त्याने नाव दिले ते काळ्यांना दिल्या जाणाऱ्या शिवीचेच. रिचर्ड प्रायर इलिनॉयमधील पिओरिया गावी आजीच्या कुंटणखान्यात वाढला. तीच शिवी त्याने सभागृहात इतक्यांदा उच्चारली की ऐकणाऱ्याला ती आपल्याच तोंडची वाटावी. १९७९ साली तो केनियात जाऊन आला आणि मग त्याने तो शब्द सोडला. का सोडला, ते १९८२ च्या चित्रपटात त्याने भर सभेत सांगितले. शिवी हातात घेऊन फिरवणे हा एक लढा, आणि ती खाली ठेवणे हा दुसरा. दोन्ही त्याने केले आणि दोन्हींचा हिशेब लोकांपुढे मांडला.

तिसरा डेव्ह शपेल. २००५ साली त्याच्यापुढे पाच कोटी डॉलरचा करार होता. एका प्रसंगाचे चित्रण चालू होते. त्यात तो काळा रंग फासून काळ्यांविषयीच्या जुन्या थट्टेचीच थट्टा करीत होता. तेथे असलेला एक गोरा माणूस हसला. त्या हसण्यात शपेलला काही वेगळे ऐकू आले. तो कार्यक्रम सोडून थेट दक्षिण आफ्रिकेत निघून गेला. लोक म्हणाले, वेडा झाला. २००६ मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात त्याने ते हसणे काय होते हे सांगितले. हा माणूस माझ्याबरोबर हसत नाही, मला हसतो आहे, हा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ. पुढे त्याने केलेल्या सर्वच विनोदांशी मी सहमत नाही. पण हसण्याचीही जात असते हे त्याने त्या क्षणी ओळखले, आणि त्या ओळखीची किंमत मोजली.

हे ऐकले त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण ते हसणे मी ओळखत होतो.

लालबहादूर शास्त्री मार्गावरील एका कारखान्यात मी एकतीस वर्षे काम केले. पहिल्या काही वर्षांत मी कँटीनमधला नकलाकार म्हणून प्रसिद्ध होतो. फोरमनची नक्कल, युनियनच्या पुढाऱ्याची नक्कल, आणि सर्वांत गाजलेली म्हणजे गावाहून प्रथमच मुंबईत आलेल्या म्हाताऱ्याची नक्कल. हा म्हातारा लिफ्टला दंडवत घाले, टेलिफोनमध्ये वाकून बघे, शब्द उलटेसुलटे बोले. सारी पाळी पोट धरून हसे. तो म्हातारा म्हणजे माझे आजोबा होते आणि ती भाषा आमच्या महारवाड्याची होती. एके दिवशी नक्कल संपल्यावर एका सहकाऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि प्रेमाने म्हटले, “अरे, हे तुमच्या लोकांच्या रक्तातच आहे!” त्याला ती शाबासकी वाटत होती. मी हसलो. त्यानंतर मी पुन्हा नक्कल केली नाही. सहकाऱ्यांनी तर्क केला की बढती मिळाली म्हणून मी शिष्ट झालो. मी तो खोडून काढला नाही. शपेलला विचारणारे कोणी होते. मला कोणी विचारले नाही, आणि मीही कोणाला सांगितले नाही. आज हे प्रथमच लिहितो आहे.

‘तुमच्या रक्तातच आहे’ हे वाक्य कोठून येते? ते तमाशातून येते. महार, मांग, कोल्हाटी आणि तत्सम जातींच्या माणसांनी तमाशा उभा केला आणि समाजाने तो त्यांच्या अंगाला गुण म्हणून नव्हे, तर डाग म्हणून चिकटवला. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमात सोंगाड्याची जागा मोठी विलक्षण आहे. राजाच्या दरबारात तोच राजाला उलट बोलतो. सोंगाड्या जागच्या जागी रचून बोले. समोर बसलेल्या पाटलाचा फेटा, सावकाराची वही, फौजदाराची मिशी, सारे त्याच्या तावडीत सापडे. ‘गाढवाचं लग्न’मध्ये दादू इंदुरीकरांनी रंगवलेला सावळ्या कुंभार आठवावा. कवलापूरच्या लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांना सारा महाराष्ट्र काळू-बाळू म्हणून ओळखत होता. त्यांच्या ‘जहरी प्याला’ या वगातले दोन शिपाई पाहायला लोक मैलोन्‌मैल चालत येत. मुंबईत लालबागच्या हनुमान थिएटरात गिरणी कामगार पाळी सुटली की याच हसण्यासाठी गर्दी करीत.

या माणसांच्या कलेविषयी लेख आहेत, गौरवग्रंथ आहेत, लोककलेचे अभ्यासक आहेत. पण समोर बसवून त्यांना तासभर कोणी विचारले का, की लोक हसत होते तेव्हा तुम्हांला काय वाटत होते? कोणत्या गावात पाणी मिळाले नाही? कोणत्या हसण्याची लाज वाटली? अशी विचारणा फारच थोडी झाली. अभ्यासक लावणीच्या चाली टिपून घेऊन गेले आणि फडाबरोबर नाचणाऱ्या स्त्रीला तर तेवढेही विचारले गेले नाही. शैलजा पाईक यांनी २०२२ साली तमाशातील दलित स्त्रियांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि कला, अश्लीलता व माणुसकी यांचा जातीशी असलेला संबंध उलगडला. २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतील मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तेव्हा आपल्याकडील वृत्तपत्रांना कळले की हा विषय होता!

दोष एकट्या अभिजनांचाच नाही. आपणही सोंगाड्याकडे पाठ फिरवली आणि तिला कारण होते. पठ्ठे बापूरावांनी तमाशाचे उत्पन्न चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, असे सांगितले जाते. आपल्या बायकांना नाचवून मिळालेल्या पैशावर मुक्ती उभारता येणार नाही, ही त्यामागची भूमिका योग्यच होती. आंबेडकरी जलशांनी पुढे त्या साच्यातले विष काढले. देवाचा गण गेला, शृंगारिक गौळण गेली आणि सोंगाड्याची जिरवाजिरव शिक्षणाच्या व स्वाभिमानाच्या प्रश्नोत्तरांना उपयोगी पडली. भीमराव कर्डकांच्या जलशाने हे करून दाखवले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ च्या सुमारास लाल बावटा कलापथक काढले आणि सोंगाड्याला कामगाराची बाजू दिली. अण्णा भाऊ येथून दोन-तीन स्थानके पलीकडच्या घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. म्हणजे सोंगाड्याला नवे बोलणे आपण दिले. पण जुने बोलणे जगलेल्या माणसाला आपण घरात, सभेत, संमेलनात फारसे बोलावले नाही. त्याची लाज वाटली. नकार आवश्यक होता, पण नकाराबरोबर जी विचारपूस व्हायला हवी होती ती राहून गेली.

दरम्यान ‘सोंगाड्या’ हा शब्द दुसऱ्यांच्या कामी आला. १९६५ साली वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले. १९७१ साली दादा कोंडके यांनी ‘सोंगाड्या’ याच नावाचा चित्रपट काढला आणि पुढे ओळीने नऊ रौप्यमहोत्सवांचा विक्रम केला. दादा नायगावच्या गिरणगावातले. त्यांची कला नाकारण्याचे कारण नाही. पण त्या चित्रपटांना रांगा लागल्या, तेव्हा ज्यांच्याकडून ही हजरजबाबी रीत आली ते खेड्यापाड्यांत कनातीच्या आडोशाला झोपत होते, हेही याच इतिहासात लिहिले गेले पाहिजे.

या साऱ्यात एक अपवाद ठळकपणे नोंदवला पाहिजे, तो राम नगरकरांचा. ‘विच्छा’मधले त्यांचे काम लोकांना ठाऊक होते. सेवादलाच्या कलापथकात निळू फुल्यांबरोबर घडलेला हा कलावंत न्हाव्याच्या घरचा. ‘रामनगरी’ या आत्मकथनात आणि त्याच नावाच्या एकपात्री प्रयोगात त्यांनी हजामतीच्या धंद्याविषयी, जातीविषयी आणि त्यातून पदोपदी होणाऱ्या फजितीविषयी लोकांपुढे उभे राहून सांगितले. १९८२ साली कांतिलाल राठोड यांनी त्यावर हिंदी चित्रपट काढला आणि अमोल पालेकर त्यात नायक होते. विनोदी कलावंताने मोकळेपणाने स्वतःविषयी बोलायचे, हा प्रकार मराठीत या प्रकारे जातीच्या नावानिशी होऊन गेलेला आहे. त्याला मर्यादा होती. नगरकर हसवत हसवत सांगत आणि प्रेक्षक अपमानाच्या प्रसंगालाही हसून मोकळा होई. ज्याने अपमान केला त्याच्या वारसालाही तिकीट काढून सुखाने हसता येई. पण निदान शब्द उच्चारला जात होता. न्हावी म्हणजे न्हावी, वस्तरा म्हणजे वस्तरा. आज तो शब्दच गळाला आहे.

आजचे पाहू. मराठीतही आता ‘मित्रम्हणे’सारखे कार्यक्रम आहेत आणि नट, लेखक, विनोदी कलावंत तेथे तास-दीड तास मोकळे बोलतात. २०१८ पासून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने अनेक कलावंत घराघरांत नेले. त्यांतले गौरव मोरे पवईच्या फिल्टरपाड्यातून आले आणि ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ म्हणूनच ओळखले गेले. फिल्टरपाडा आमच्यापासून दूर नाही. आपल्या वस्तीचे नाव न लपवता ते बिरुदासारखे मिरवणे, ही साधी गोष्ट नव्हे. आमच्या काळी नोकरीच्या अर्जावर वस्तीऐवजी स्टेशनचे नाव लिहिण्याची चाल होती.

पण एकूण मुलाखतींचा सूर ऐकावा. कोणा एका कार्यक्रमाचे किंवा कलावंताचे नाव घेऊन मी हे म्हणत नाही, आणि कोणाची जात शोधून काढणे हा तर माझा उद्देश मुळीच नाही. माझे म्हणणे प्रश्नांविषयी आहे. प्रश्न असतो, ‘एवढ्या हलाखीतून तुम्ही वर आलात, तो प्रवास कसा होता?’ मग पत्र्याचे घर येते, सार्वजनिक नळ येतो, आईने केलेली धुणीभांडी येतात. पत्र्याच्या घरापर्यंत प्रश्नकर्ता आत्मीयतेने जातो आणि तेथेच थांबतो. त्या वस्तीत तीच माणसे का, त्या आईच्या वाट्याला तेच काम का, हा पुढचा प्रश्न येत नाही. गरिबी विचारण्याजोगी आहे, जात विचारण्याजोगी नाही. गरिबी प्रवासात मागे टाकता येते, म्हणून ऐकायला गोड लागते. जात मागे पडत नाही. ती या मुलाखतीच्या खोलीतही दोन खुर्च्यांच्या मध्ये बसलेली असते. विचारणारा बहुधा सद्‌गृहस्थ असतो. त्याला वाटते, जात न विचारणे हेच पुरोगामीपण.

येथेच मला ओबामांची ती गॅरेजमधली मुलाखत आठवते. चार्ल्सटन येथील चर्चमध्ये नऊ काळ्या माणसांना गोळ्या घालून मारले, त्याला तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. ओबामांनी त्या शिवीचा शब्द स्पष्टपणे उच्चारला. तो चारचौघांत न बोलणे म्हणजे वंशद्वेष संपणे नव्हे, हे सांगण्यासाठी त्यांनी तो उच्चारला. मुलाखत प्रसिद्ध झाल्यावर चर्चा झाली ती मुख्यतः शब्दाची, मुद्द्याची थोडी. आपल्याकडे याहून वेगळे काय घडते? सभ्यपणाने आपण जातीचा उच्चार टाळतो, आणि त्याच सभ्य मंडळींचा विनोद मोकाट सुटला की त्याला मायावतींच्या चेहऱ्यापलीकडे विषय सापडत नाही. २०२१ साली अशा जुन्या विनोदांवरून गदारोळ झाला आणि कोणाकोणाला माफी मागावी लागली. म्हणजे मुलाखतीत जात नाही, आणि विनोदात मात्र आहे.

कलावंताने स्वतःहून का बोलू नये, असे कोणी विचारील. मी त्याला दोष देणार नाही. त्याची रोजी हसण्यावर आहे. उद्या त्याला बोलावणे आले नाही तर घर चालवायला तुम्ही-आम्ही जाणार नाही. शिवाय ‘दलित विनोदी कलावंत’ अशी चिठ्ठी एकदा चिकटली की त्याने आंब्यावर विनोद केला तरी लोक त्यात आरक्षण शोधू लागतात. हे ओझे त्याने घ्यावे की नाही हे त्याचे त्याने ठरवावे. मात्र काहींनी ते आपणहून घेतले आहे. बीडची अंकुर तांगडे, बस्तरचा मनजीत सरकार, आणि त्यांच्या सोबत्यांचा ‘ब्लू मटेरियल’ हा गट. निळ्या रंगावरची ही कोटी आपल्या वाचकाला वेगळी सांगायला नको. ही मुले ध्वनिक्षेपकासमोर उभी राहून पहिल्याच वाक्यात जात सांगतात आणि मग सभागृहातली अस्वस्थता हातात घेऊन खेळतात. येथे प्रथमच असे घडते की काही लोक हसतात, काही लोक हसावे की नाही या विचारात पडतात, आणि विनोदाचा खरा विषय हे दुसरे लोक असतात. जलशातल्या सोंगाड्याचा हा नातू-पणतू आहे. त्याला स्वतःला ते नाते माहीत असो वा नसो.

हे सारे मनात साठल्यावर गेल्या दिवाळीनंतर मी नारायणगावकडे गेलो. तेथे माझे चुलते राहतात. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. तारुण्यात ते एका फडात सोंगाड्या होते. घरात हा विषय निघत नसे. माझ्या वडिलांनी बौद्ध झाल्यावर फड सोडायला त्यांना फार विनवले होते, आणि त्यावरून दोघे भाऊ कित्येक वर्षे बोलत नव्हते. मी फोन त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटले, “तात्या, फडातलं सांगा.” पहिली वीस मिनिटे ते पेटाऱ्यांविषयी, गाड्यांविषयी, सुपारी ठरवायच्या राहुट्यांविषयी आणि रात्री दोनला मिळणाऱ्या भाकरीविषयी बोलले. मी अपमानाची वाट पाहत होतो आणि ते भाकरीचे सांगत होते. हाही मला धडाच होता. प्रश्न विचारणाऱ्याला जे हवे तेच सांगायला माणूस बांधलेला नाही.

मग आपणहून म्हणाले, “वगात म्या पाटलाला गाढव म्हनायचो. पुढं बसल्याला खरा पाटील बी हसायचा, फेटा उडवायचा. सकाळी त्याच्याच हिरीवर गेलो का वरनं वतायचा पानी. त्योच पाटील.” मी विचारले, “राग नाही आला?” ते बराच वेळ गप्प होते. फोनवर ते गप्प राहणेही उतरले आहे. मग म्हणाले, “राग आला म्हनून तर दुसऱ्या दिशी आजून जोरात म्हनायचो.”

आमच्या समीक्षेत विद्रोहाच्या व्याख्या पुष्कळ झाल्या. ही एक मी त्यांत जमा करतो. आणि तिच्याबरोबर हेही जमा करतो की त्या विद्रोहाने विहीर खुली झाली नाही. पाटलाने रात्री हसून घेतले आणि सकाळी ओंजळीत वरून पाणी ओतले. रात्रीच्या हसण्याने त्याची सकाळ सोपीच केली असेल. विनोदाला क्रांती मानणाऱ्यांनी तात्यांची ही दोन्ही वाक्ये एकत्र ऐकावीत. एकटे पहिले ऐकले तर निराशा येते आणि एकटे दुसरे ऐकले तर खोटा अभिमान.

म्हणून माझे वाचकांना सांगणे साधे आहे. कथा-कवितेप्रमाणेच हेही आपले वाङ्‌मय आहे, असे समजून काम करावे. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. ज्यांच्या घरात, भावकीत, गावात फडातला, जलशातला, कलापथकातला म्हातारा किंवा म्हातारी आहे, त्यांनी तिच्यापुढे ते ठेवावे. गौरव करू नये, हार घालू नये, ‘प्रवास’ विचारू नये. गावे विचारावीत, मजुरी विचारावी, पाणी विचारावे, हसणारा कोण होता ते विचारावे, आणि गप्प बसले तर गप्प बसू द्यावे. विद्यापीठाची वाट पाहू नये.

निघताना तात्यांनी विचारले, “हे ऐकनार कोन?”

मी म्हटले, “पोरं ऐकतील, तात्या.”

“मंग त्या ढोलकीवाल्याचं बी घे,” ते म्हणाले. “वरल्या आळीला ऱ्हातो. त्यो माज्या आदी जाईल.”

ढोलकीवाल्याकडे मी त्याच दुपारी गेलो. त्याचे एक तास दहा मिनिटांचे बोलणे माझ्याकडे आहे.